दोघांच्याही खिशात परतीची वाट

इंटरलाकेन ओस्ट स्टेशनावर ग्रिंडेलवाल्डची गाडी उभी होती आणि आमच्या डब्यात मोठ्या बॅगा ठेवायला जागा नव्हती. ‘तू इथंच बस, मी बॅगा घेऊन पुढच्या डब्यात चढतो,’ असं म्हणून हे प्लॅटफॉर्मवरून पुढं गेले. दहा-बारा मिनिटांनी झ्वायल्युचिनेन नावाचं छोटं स्टेशन आलं. तिथं गाडीचे दोन भाग होतात. एक भाग डावीकडच्या दरीत ग्रिंडेलवाल्डला जातो, दुसरा सरळ लाउटरब्रुनेनला. मी ग्रिंडेलवाल्डच्या भागात होते, हे दुसऱ्या भागात. दोन्ही पारपत्रं, दोन्ही तिकिटं, पैशाचं कार्ड आणि राहण्याच्या जागेचा पत्ता यांच्या खांद्यावरच्या पिशवीत. माझ्याकडं पाण्याची बाटली, चष्मा आणि इंटरनेट नसलेला फोन.

ग्रिंडेलवाल्ड स्टेशनाच्या बाकावर मी तासभर बसले. समोर आयगरचा कडा उभा होता, ज्याच्यासाठी दोन वर्षं पैसे जमवले तोच. पण त्या तासात मला तो नीट दिसलाही नाही. हे परतीच्या गाडीनं मागं येऊन, गाडी बदलून पोचले तेव्हा आम्ही दोघंही काही वेळ बोललो नाही.

चूक आमचीच होती. डब्यावर गावाचं नाव लिहिलेलं होतं, घोषणाही झाली होती. पण त्या तासानं एक नियम शिकवला, आणि आमच्यासारख्या जोडप्यांना तोच सांगण्यासाठी हा लेख लिहिते आहे. जोडीनं निघावं, पण दोघांपैकी प्रत्येकाला एकट्यानं परतता आलं पाहिजे. पुढं जे काही सांगते आहे, कागदपत्रांपासून डोंगरातल्या पायवाटेपर्यंत, ते सगळं या एका नियमातून आलेलं आहे.

कागद दोघांचे, पिशव्याही दोन

आमच्या पिढीतल्या बहुतेक घरांत प्रवासाचे कागद नवरा सांभाळतो आणि बायको डबा सांभाळते. परदेशात ही वाटणी धोक्याची आहे. आपापलं पारपत्र आपापल्या अंगावर असावं. त्याच्या पहिल्या पानाची आणि व्हिसाची प्रत मात्र जोडीदाराच्या पिशवीत ठेवावी. मुक्कामाचा पत्ता, विम्याचा क्रमांक आणि घरच्यांचा फोन नंबर एका कागदावर पेनानं लिहून दोघांच्याही खिशात असावा. फोनची बॅटरी संपते, कागदाची संपत नाही.

स्वित्झर्लंडसाठी शेंगेन व्हिसा लागतो. हा देश युरोपीय संघात नाही, पण २००८ पासून शेंगेन क्षेत्रात आहे. अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आधी आणि कमीत कमी पंधरा दिवस आधी करता येतो. उन्हाळ्यात भेटीच्या वेळा लवकर भरतात, म्हणून तीन महिने हातात ठेवावेत. मोठ्या माणसांसाठी व्हिसाचं शुल्क जून २०२४ पासून ९० युरो आहे, शिवाय अर्ज स्वीकारणाऱ्या केंद्राचा सेवा आकार वेगळा. पारपत्र परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालणारं आणि गेल्या दहा वर्षांत काढलेलं हवं.

आमच्याकडच्या बायकांनी एका गोष्टीकडं आधी लक्ष द्यावं. पारपत्रावर एक नाव, बँकेत दुसरं, आधारवर माहेरचं, असा प्रकार घरोघरी आहे. नावं जुळत नसतील तर ती दुरुस्ती सगळ्यात आधी करावी. चाळीस वर्षांपूर्वी लग्न झालेल्या अनेकांकडं विवाह नोंदणीचा दाखला नसतो. तो लागण्याची शक्यता धरून नगरपरिषदेत आधीच चौकशी करावी. ही कामं व्हिसाच्या अर्जापेक्षा जास्त वेळ खातात.

विमा किमान ३०,००० युरोंचा असावा लागतो. तो घेताना फक्त रक्कम पाहू नये. डोंगरात चालताना झालेली दुखापत, हेलिकॉप्टरनं केलेली सुटका आणि आधीपासूनचे आजार यांबद्दल काय लिहिलं आहे ते वाचावं. ‘साहसी खेळ वगळून’ असं असेल तर पायवाटेवरचं चालणं त्यात धरलं आहे का, हे लेखी विचारून घ्यावं.

ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमेवर पारपत्रावर शिक्का मारण्याऐवजी बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचं छायाचित्र नोंदवायला सुरुवात झाली आहे. पहिल्या खेपेला रांगेत वेळ जातो. त्यामुळं पुढचं विमान किंवा गाडी धरायची असेल तर मध्ये भरपूर वेळ ठेवावा.

भद्रावतीच्या सपाटीवर डोंगराची तयारी

आमचं भद्रावती समुद्रसपाटीपासून दोनशे मीटरच्या आसपास आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. डोंगर म्हणावा तर विजासनची टेकडी. ‘आपल्या पायांना हे जमणार नाही,’ असं मला खूप दिवस वाटायचं. पण ‘मिशन शौर्य’ या मोहिमेत आपल्याच चंद्रपूर जिल्ह्यातल्या आदिवासी आश्रमशाळांचे पाच विद्यार्थी मे २०१८ मध्ये एव्हरेस्टच्या माथ्यावर पोचले होते. ती मुलंही याच उन्हात वाढलेली. आम्हाला तर फक्त तीन तास चालायचं होतं.

तयारीला चार महिने द्यावेत. पहिला महिना रोज सकाळी उजाडताच पाऊण तास सपाटीवर चालावं. दुसऱ्या महिन्यात विजासन किंवा गवराळ्याच्या टेकडीवर चढ-उतार सुरू करावा. तिसऱ्या महिन्यात पाठीवर चार किलोंची पिशवी घ्यावी, तीही प्रत्येकानं आपली आपण. चौथ्या महिन्यात एक-दोन खऱ्या डोंगरवाटा चालाव्यात. जिवतीकडचा माणिकगड, नागभीडकडची सातबहिणी टेकडी किंवा दोन दिवस काढून चिखलदरा. जंगलातून जाणाऱ्या वाटेवर वनखात्याची परवानगी आणि गावातला वाटाड्या घेतल्याशिवाय जाऊ नये.

सराव चढण्यापेक्षा उतरण्याचा जास्त करावा. चढताना दम लागतो आणि माणूस थांबतो. उतरताना दम लागत नाही, म्हणून थांबत नाही, आणि गुडघे तिथंच जातात. जिन्यावरून रोज वीस मिनिटं सावकाश उतरण्याचा सराव यांच्या गुडघ्याला फार उपयोगी पडला. पन्नाशी ओलांडलेल्यांनी निघण्याआधी हृदयाची आणि रक्तदाबाची तपासणी करून डॉक्टरांना स्पष्ट विचारावं, ‘मी दोन हजार मीटरवर चालू का?’

बूट निघण्याच्या किमान दीड महिना आधी घ्यावेत आणि वापरून मऊ करावेत. बोटांपुढं अंगठ्याएवढी जागा मोकळी हवी, नाहीतर उतारावर नखं काळी पडतात. नवे बूट घेऊन आल्प्सला गेलेला माणूस पहिल्याच दिवशी टाचेच्या फोडासह खोलीत बसतो.

बॅगेत काय, आणि काय नाही

आपल्याकडं प्रवासाला निघालं की तुपातले लाडू आणि पेढे बांधले जातात. स्वित्झर्लंडला जाताना ते घरीच ठेवावेत. भारतातून तिथं मांस आणि दुधाचे पदार्थ नेण्यास बंदी आहे, आणि त्यात तूपही येतं. ताजी फळं, भाज्या, कढीपत्ता हेही चालत नाही. ज्वारीचं पीठ, भाजलेला रवा, जवसाची चटणी, मेतकूट, भाजलेले शेंगदाणे आणि तेलातले चिवडे चालतात. पाकिटावर पदार्थाचं नाव इंग्रजीत लिहावं. औषधं एका महिन्याला पुरतील एवढीच न्यावीत, मूळ वेष्टनात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह.

आमची एक बॅग विमानातून दोन दिवस उशिरा आली, आणि नेमके माझे सगळे कपडे त्यातच होते. तेव्हापासून आम्ही दोघांचे कपडे दोन्ही बॅगांत निम्मेनिम्मे भरतो. दोन दिवसांची औषधंही एकमेकांच्या हातातल्या पिशवीत असतात. डोंगरातले बूट पायात घालूनच विमानात बसावं, कारण कपडे कुठंही मिळतात, पायाला बसलेले बूट मिळत नाहीत. पॉवर बँक नेहमी हातातल्या पिशवीत ठेवावी, मोठ्या बॅगेत चालत नाही. चालायच्या काठ्या उलट मोठ्या बॅगेत ठेवाव्यात.

बॅग आली नाही तर विमानतळाबाहेर पडण्याआधी तिथल्याच सामान खिडकीवर लेखी तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्यावा. बॅग फुटलेली मिळाली तर सात दिवसांत आणि उशिरा मिळाली तर मिळाल्यापासून एकवीस दिवसांत विमान कंपनीकडं लेखी दावा करावा लागतो. मध्ये घेतलेल्या गरजेच्या वस्तूंच्या पावत्या जपून ठेवाव्यात. नागपूरहून मुंबई किंवा दिल्ली गाठून पुढं जाणार असाल तर दोन्ही विमानं एकाच तिकिटावर घ्यावीत. वेगवेगळी घेतली आणि पहिलं विमान उशिरा सुटलं, तर पुढच्या तिकिटाचा भार आपल्यावर येतो.

पायवाटेची भाषा

स्वित्झर्लंडमध्ये सुमारे ६५,००० किलोमीटर पायवाटा खुणा करून ठेवलेल्या आहेत. खुणांची भाषा शिकायला पाच मिनिटं पुरतात, आणि ती दोघांनाही आली पाहिजे. नुसती पिवळी पाटी किंवा पिवळा चौकोन म्हणजे साधी वाट. पांढरा-लाल-पांढरा पट्टा म्हणजे डोंगरवाट, जिथं चढ, दगड आणि अरुंद कडे येतात. इथं घोट्याला आधार देणारे बूट आणि स्थिर पाऊल लागतं. पांढरा-निळा-पांढरा पट्टा म्हणजे हिमनदी, दोर, कड्यावरची चढाई. आपल्यासारख्यांनी ती खूण दिसली की मागं फिरावं.

पिवळ्या पाटीवर अंतर नसतं, वेळ असते. ती वेळ सलग चालण्याची असते, थांबणं, फोटो, पाणी, काहीच त्यात धरलेलं नसतं. सपाटीवर ताशी सव्वाचार किलोमीटरचा हिशेब असतो. पाटीवर दोन तास असतील तर आम्ही तीन धरायचो, आणि ते बरोबर यायचं.

पहिल्या खेपेला चालणाऱ्या जोडप्यासाठी युंगफ्राउ भागातल्या तीन वाटा मी मनापासून सुचवीन.

पहिली लाउटरब्रुनेनपासून श्टेखेलबेर्गपर्यंत, दरीच्या तळातून नदीकाठानं जाणारी. सुमारे दोन तासांची, जवळजवळ सपाट. वर उभ्या कड्यावरून जवळपास तीनशे मीटरचा श्टाउबबाख धबधबा पडत असतो. वाटेत ट्र्युमेलबाख लागतो, जिथं आयगर, म्योंख आणि युंगफ्राउवरच्या हिमनद्यांचं पाणी डोंगराच्या पोटातून धावतं. सेकंदाला वीस हजार लिटरपर्यंत. आत गारठा असतो आणि अंगावर तुषार येतात. वर्धा नदीचा पूर पाहिलेल्या माणसालाही तो आवाज ऐकून बाजूच्या माणसाचा हात धरावासा वाटतो. पाय तपासायला पहिला दिवस इथंच घालवावा.

दुसरी मेनलिखेनहून क्लाइने शाइडेगला जाणारी. वर तारेवरच्या पाळण्यानं जायचं, २,२२५ मीटरवर उतरायचं आणि हलक्या उतारानं दीड तास चालत २,०६१ मीटरवरच्या रेल्वे स्टेशनात पोचायचं. साडेचार किलोमीटर, आणि सगळा वेळ समोर तिन्ही शिखरं.

तिसरी फिर्स्ट या पाळण्याच्या वरच्या स्टेशनाहून बाखआल्पसे तळ्यापर्यंत. तळं २,२६५ मीटरवर, जाताना पाऊण-एक तास, थोडा चढ, त्याच वाटेनं परत. जूनमध्ये या उंचीवर जुना बर्फ वाटेवर असू शकतो. म्हणून जुलै ते सप्टेंबर हा काळ चांगला.

उंचीचा अंदाज यावा म्हणून सांगते. ग्रिंडेलवाल्ड गाव १,०३४ मीटरवर, म्हणजे चिखलदऱ्याच्या आसपास. म्युरेन गाव १,६३८ मीटरवर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या माथ्याएवढ्या उंचीवर. तिथं लोक राहतात, गाई पाळतात.

गाईंबद्दल एक सूचना. गाय दिसली की आपला हात आपोआप तिच्या पाठीकडं जातो. आल्प्सच्या कुरणात तो आवरावा. वासरांसोबत चरणाऱ्या गाई तिथं माणसाच्या अंगावर येतात. लांबून, शांतपणे, वासराच्या आणि गाईच्या मध्ये न येता जावं. कुरणाचं फाटक उघडलं तर मागं लावून घ्यावं, आणि तारेला हात लावू नये, तिच्यात वीज असते. गवतातून चालल्यावर संध्याकाळी पाय तपासावेत. तिथल्या गोचिडीच्या चाव्यानं आजार होतात, म्हणून पायघोळ पँट आणि लांब मोजे बरे.

मागं फिरण्याची वेळ सकाळीच ठरवावी

आमच्या भागात मोहफुलं वेचायला जंगलात जाणारी माणसं एकटी जात नाहीत. कुठल्या नाल्याकडं जातो ते घरी सांगून निघतात आणि दिवस चढायच्या किंवा मावळायच्या आत परततात. मोह आणखी पडलेला दिसला म्हणून पुढं जात नाहीत. वाघ किती जवळ आहे हे कळत नसताना माणसानं स्वतःला लावून घेतलेली ती शिस्त आहे. आल्प्समध्ये वाघाच्या जागी हवामान असतं.

तिथं सकाळ पुष्कळदा निरभ्र असते आणि दुपारी ढग चढतात, विजा कडाडतात. दर हजार मीटर चढल्यावर तापमान सहा-सात अंशांनी उतरतं. गावात वीस अंश असताना फिर्स्टवर बारा-तेरा असतात, वाऱ्यात त्याहून कमी वाटतात. म्हणून सकाळी आठ-साडेआठला पाळण्यात बसावं, पिशवीत पावसाचं जाकीट, एक गरम थर, टोपी आणि हातमोजे जुलैतही असावेत. ऊन मात्र वर जास्त भाजतं. उन्हाची सवय असलेल्या आमच्या कातडीलाही पहिल्याच दिवशी चटका बसला. उन्हाचं मलम आणि काळा चष्मा दोघांकडं वेगवेगळा हवा.

निघतानाच दोन वेळा ठरवाव्यात आणि दोघांनी लिहून घ्याव्यात. शेवटचा पाळणा कितीला सुटतो ती, आणि कुठंही असलो तरी मागं फिरायचं ती. पाळण्याच्या खालच्या स्टेशनावर वेळापत्रक लावलेलं असतं, त्याचा फोटो दोघांनीही काढावा. शेवटचा पाळणा चुकला तर अंधारात हजार मीटर उतरावं लागतं.

बाखआल्पसेला जाताना आम्ही मागं फिरण्याची वेळ दुपारी एकची ठरवली होती. एकाला दहा मिनिटं कमी असताना पश्चिमेकडून ढग काळे झाले. तळं पंधरा मिनिटांवर होतं. हे म्हणाले, ‘अगं, इतक्या लांब आलो, एवढ्यासाठी कशाला सोडायचं?’ मी म्हणाले, ‘आपण सकाळी ठरवलं होतं.’ हे थांबले, एकदा वर पाहिलं आणि फिरले. फिर्स्टच्या छपराखाली पोचतो न पोचतो तोच गारा सुरू झाल्या. बाखआल्पसेचा फोटो आमच्याकडं नाही.

दोघांपैकी एकानं ‘परत’ म्हटलं की वाद न घालता परतायचं, असा करार निघण्यापूर्वीच करावा. ज्याला पुढं जायचं आहे त्यानं दुसऱ्याला पटवायचं नाही. थकलेल्या माणसाला आपण थकलो हे सांगायला जो संकोच वाटतो, तो या करारानं जातो. चालतानाही ज्याचं पाऊल हळू त्यानं पुढं राहावं. मागच्याला पुढच्याचा वेग धरता येतो. उलट केलं तर मागचा माणूस धावतो आणि पुढच्याला ते कळतही नाही.

विजा सुरू झाल्याच तर उंच माथा, एकटं झाड आणि तारेचं कुंपण यांपासून दूर व्हावं. काठ्या बाजूला ठेवाव्यात आणि पाय जुळवून उकिडवं बसावं.

उंचीची गाडी

युंगफ्राउयोखची रेल्वे १९१२ पासून ३,४५४ मीटरवर माणसं नेते आहे. भद्रावतीहून आलेल्या शरीराला तिथं हवेतला प्राणवायू खालच्या दोन तृतीयांशच मिळतो, आणि गाडी तासा-दोन तासांत वर पोचवते. म्हणून पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी तिथं जाऊ नये. दोन-तीन दिवस दीड-दोन हजार मीटरवर चालून झाल्यावर जावं. वर सावकाश चालावं, पाणी प्यावं, जिने चढताना घाई करू नये. डोकं दुखणं, मळमळणं, तोल जाणं यांपैकी काहीही झालं तर गोळी घेऊन बसू नये, पुढच्या गाडीनं खाली यावं. हृदयाचा किंवा फुप्फुसाचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारूनच ठरवावं. उन्हाळ्यात या प्रवासाचं पूर्ण भाडं माणशी दोनशे फ्रँकांच्या वर आहे. रेल्वेच्या पासवर सवलत मिळते. तिकीट काढण्यापूर्वी शिखरावरच्या कॅमेऱ्यातून ढग आहेत का ते पाहावं. ढगात गेलं तर पैसेही जातात आणि दृश्यही.

रोजच्या छोट्या अडचणी

पैसे. तिथं युरो नाही, स्विस फ्रँक चालतो. दोन वेगळी प्रवासी कार्डं घ्यावीत, एक-एक दोघांकडं, आणि दोन्हींचे गुप्त क्रमांक दोघांना पाठ असावेत. स्वच्छतागृहासाठी एक-दोन फ्रँकांची नाणी जवळ ठेवावीत.

फोन. दोघांच्याही फोनवर इंटरनेट हवं. ‘युरोप’ म्हणून विकलेल्या अनेक पॅकमध्ये स्वित्झर्लंड नसतं, ते घेण्यापूर्वी वाचून घ्यावं. नकाशा आधीच उतरवून ठेवावा, म्हणजे नेटवर्क नसलं तरी दिसतो.

रविवार. त्या दिवशी बहुतेक किराणा दुकानं बंद असतात, मोठ्या स्टेशनांतली काही उघडी असतात. शनिवारी संध्याकाळपर्यंत दूध, भाज्या, पाव घेऊन ठेवावं.

पाणी. नळाचं आणि गावातल्या हौदांचं पाणी पिण्याजोगं असतं. ‘काइन ट्रिंकवासर’ लिहिलेलं असेल तिथलं पिऊ नये. कुरणातल्या ओढ्याचं पाणी स्वच्छ दिसलं तरी वर गुरं असतात.

वीज. आपला तीन पिनांचा प्लग तिथं बसत नाही. दोन अडॅप्टर घरूनच न्यावेत.

फोडणी. स्वयंपाकघर असलेल्या घरात उतरलो म्हणून पहिल्याच संध्याकाळी मी मोहरीची फोडणी दिली आणि धुराची घंटा वाजली. शेजारचे लोक बाहेर आले. दुसऱ्या दिवसापासून पंखा लावून, खिडकी उघडून वरण-भात शिजवला आणि वर कोरडी चटणी घेतली. रात्री दहानंतर तिथं शांतता पाळतात, कपडे धुण्याचं यंत्रही तेव्हा लावत नाहीत.

गाडी. गाड्या वेळेवर सुटतात, म्हणून बदलायला पाच मिनिटं असली तरी पुरतात. पण चढण्यापूर्वी डब्यावरची पाटी वाचावी, आणि एका डब्यात दोघंही मावत नसतील तर पुढची गाडी घ्यावी. अर्ध्या तासात ती येते.

अडचण मोठी असेल तर

तिथं ११२ हा सर्वसाधारण आणीबाणीचा क्रमांक, १४४ रुग्णवाहिकेचा, ११७ पोलिसांचा. डोंगरातून हवाई सुटकेसाठी १४१४. हे चारही क्रमांक त्या खिशातल्या कागदावर असावेत. फोन लागत नसेल तर मिनिटात सहा वेळा शिट्टी किंवा विजेरी, मग एक मिनिट थांबून पुन्हा सहा वेळा. ही आल्प्समधली मदतीची खूण आहे. मिनिटाला तीन वेळा उत्तर आलं म्हणजे कुणीतरी ऐकलं. हेलिकॉप्टर दिसलं तर दोन्ही हात वर करून इंग्रजी ‘वाय’सारखं उभं राहिलं की ‘मदत हवी’ असा अर्थ होतो. मदत नको असेल तर एकच हात वर आणि एक खाली. नुसतं आनंदानं दोन्ही हात हलवू नयेत.

दोघांत ताटातूट झाली तर काय करायचं, हेही आधी ठरवावं. आमचा नियम साधा आहे. ज्या गावी जायचं होतं त्या गावच्या स्टेशनावर, तिकीट खिडकीसमोर थांबायचं. शोधायला दोघांनीही निघायचं नाही. आणि रोज सकाळी निघताना आजची वाट व परतीची वेळ भद्रावतीत मुलीला एका निरोपानं कळवायची.

रस्त्यावर कुणाला विचारायला लाजू नये. आपल्याकडं पांदणीवर समोरून येणाऱ्याला ‘राम राम’ म्हणतात, तसं तिथल्या पायवाटेवर लोक एकमेकांना ‘ग्रुएसेख’ म्हणतात. आपणही म्हणावं. एकदा ‘ग्रुएसेख’ झालं की पुढचा प्रश्न विचारणं सोपं जातं.

शेवटच्या दिवशी

मेनलिखेनच्या वाटेच्या दिवशी सकाळी यांचा गुडघा दुखू लागला. पाळण्यानं आम्ही दोघं वर आलो, हे थोडं चालले आणि थांबले. स्टेशनाच्या बाकावरची ती दुपार नसती, तर आम्ही दोघंही निमूटपणे परत फिरलो असतो. पण आता माझ्या पिशवीत माझं पारपत्र होतं, माझं तिकीट होतं, पैशाचं कार्ड होतं, चालणारा फोन होता, आणि पिवळी पाटी मला वाचता येत होती. हे म्हणाले, ‘तू जा. मी पाळण्यानं खाली उतरून गाडीनं क्लाइने शाइडेगला येतो. तिकीट खिडकीसमोर.’

साठी ओलांडलेल्या मला आजवर नागपूरलाही कुणी एकटीनं जाऊ दिलं नव्हतं, आणि मीही कधी म्हटलं नव्हतं. त्या दिवशी दोन तास मी आल्प्सच्या वाटेवर एकटी चालले. माझ्या वेगानं, हवं तिथं थांबत. आयगर या वेळी मला नीट दिसला. येणाऱ्या-जाणाऱ्यांना ‘ग्रुएसेख’ म्हणत, पाटी वाचत, घड्याळ पाहत मी खाली आले. तिकीट खिडकीसमोर हे उभे होते, हातात चहाचे दोन पेले घेऊन. त्यातला एक गार झाला होता, कारण हे माझ्या आधी अर्धा तास पोचले होते.

परतीची वाट दोघांच्या खिशात असावी, हा नियम आम्ही भीतीपोटी केला होता. त्यानं मला एक वाट एकटीनं चालू दिली. म्हणून निघण्यापूर्वी एका संध्याकाळी दोघांनी समोरासमोर बसावं, सगळे कागद टेबलावर पसरावेत आणि त्यांचे दोन समान वाटे करावेत. तयारीची सुरुवात तिथून करावी.